नाव मोठं, पण कोर्स कुणाचा?

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आलीयेत, परदेशातल्या युनिव्हर्सिटीत उन्हाळ्यात मीडियाचा किंवा लेखनाचा छोटा कोर्स करायचाय, कुठला निवडू. अर्ज उघडले की दरवर्षी हे होतंच. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलते आणि यातली थोडी पत्रं घेते. काही पत्रं लांबलचक होती, ती कापलीयेत, राग नसावा.

प्रश्न : ताई, मी साहित्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, कथा लिहिते, थोडं पॉडकास्टचं काम पण केलंय. इन्स्टावर ऑक्सफर्डमधल्या समर प्रोग्रॅमची जाहिरात दिसली, दोन आठवडे क्रिएटिव्ह रायटिंग, जुन्या कॉलेजात राहायचं, शेवटी सर्टिफिकेट. फॉर्म भरला तर लगेच सिलेक्शनचा मेल आला, घरचे खूश आहेत कारण नाव ऑक्सफर्ड. दुसरीकडे अमेरिकेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीचं सहा आठवड्यांचं समर सेशन आहे, त्यात फिक्शनचं वर्कशॉप आहे, क्रेडिट्स मिळतात, पण त्या गावाचं नाव आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. काय करू? – गोंधळलेली

उत्तर : आधी हे बघ की तो ऑक्सफर्डचा कोर्स नक्की चालवतंय कोण. उन्हाळ्यात ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुलं घरी जातात, कॉलेजं रिकामी पडतात, मग कॉलेजं आपल्या खोल्या, वर्ग, जेवणाचे हॉल भाड्याने देतात आणि घेणाऱ्यांत खासगी कंपन्या भरपूर असतात. म्हणजे तू राहणार ऑक्सफर्डच्या कॉलेजात, जेवणार त्या लाकडी छताच्या हॉलमध्ये, फोटो एकदम भारी येणार, पण शिकवणार कंपनी आणि सर्टिफिकेटवर नाव पण कंपनीचं. यात बेकायदा काही नाही, काही कंपन्या चांगलं शिकवतातही, फक्त ते ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटीचं शिक्षण नव्हे आणि ‘ऑक्सफर्डला शिकले’ असं सीव्हीवर लिहिलंस तर ज्याला माहितीये तो पहिल्याच ओळीत ओळखतो.

ओळखायचं कसं, तर वेबसाइटचा पत्ता बघ. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटीच्या पानांचा पत्ता ऑक्स डॉट एसी डॉट यूके वर संपतो, अमेरिकेत बहुतेक युनिव्हर्सिट्यांचा डॉट ईडीयू वर. मग पानाच्या अगदी तळाची बारीक अक्षरं वाच, तिथे कंपनीचं नाव असतं, आणि बऱ्याचदा ‘आमचा युनिव्हर्सिटीशी संबंध नाही’ असं सरळ लिहिलेलंही असतं, आपणच तिथवर स्क्रोल करत नाही. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटीचे स्वतःचे असे कोर्स त्यांच्याच, मोठ्यांना शिकवणाऱ्या विभागाकडून चालतात, त्यांची क्रिएटिव्ह रायटिंगची वेगळी समर स्कूल एक्सेटर कॉलेजात भरत आलीये. केंब्रिजचा इंटरनॅशनल समर प्रोग्रॅम तर 1923 पासूनचा आहे, त्यातही क्रिएटिव्ह रायटिंग असतं. तुला ऑक्सफर्ड-केंब्रिजच हवं असेल तर तिथे बघ, पण त्यांच्या पानावरून जा, जाहिरातीवरून नको.

आणि तो लगेच आलेला सिलेक्शनचा मेल. त्यांनी तुझ्याकडे लेखनाचा नमुना मागितला होता का? नसेल तर त्यांनी नेमकं काय बघून निवडलं? आता नमुना न मागणारे कोर्स वाईटच असतात असं नाही, नवशिक्यांसाठीचे कितीतरी छान कोर्स सगळ्यांना खुले असतात, पण ते ‘तुमची निवड झाली आहे, अभिनंदन’ असं म्हणत नाहीत, फी भरा आणि या म्हणतात. प्रवेश खुला ठेवायचा आणि वर निवडीचं कौतुक करायचं, शिवाय चार दिवसांत डिपॉझिट भरा म्हणायचं, हे सगळं एकत्र दिसलं की मी तरी तिथून उठते.

आता तुझ्या त्या न ऐकलेल्या गावाबद्दल. अमेरिकेतली आयोवा सिटी घे, पाऊण लाखाच्या आसपास वस्ती, पण तिथल्या युनिव्हर्सिटीत 1936 पासून रायटर्स वर्कशॉप चालू आहे, आणि 2008 मध्ये युनेस्कोने त्या शहराला साहित्याचं शहर म्हणून मान दिला. लेखनाच्या जगात मोठी नावं पुष्कळदा अशाच गावांत असतात, तुझं गाव त्यातलं आहे की नाही ते मी इथून सांगू शकत नाही, ते तू शोध. विभागाला एक मेल टाक आणि विचार की वर्गात किती जण असतील, सहा आठवड्यांत माझी कथा किती वेळा वर्गासमोर येईल, आणि शिकवणार कोण, नेहमीचे प्राध्यापक का एमएफए, म्हणजे लेखनाची मास्टर्स डिग्री, करणारी मुलं. समर सेशनला बऱ्याचदा एमएफएची मुलं शिकवतात. ते वाईट नसतं, उलट ती जास्त वेळ देतात असा माझा अनुभव, पण तू प्राध्यापकाच्या नावावर भाळून जात असशील तर आधी कळलेलं बरं. वर्गाचा हिशेब सोपा आहे बघ, 12 जण असतील आणि प्रत्येकाच्या कथेवर 45 मिनिटं बोलायचं असेल तर एक फेरी 9 तासांची. दोन आठवड्यांच्या कोर्समध्ये सकाळी लेक्चर, दुपारी म्युझियम, संध्याकाळी नदीवर बोट असं टाइमटेबल असेल तर ते 9 तास आणायचे कुठून? मग होतं काय की तुझं पान एकदा वाचलं जातं, दोघंतिघं ‘छान आहे’ म्हणतात आणि पुढचा नंबर. सहा आठवड्यांत कथा लिहून, फाडून, परत लिहून परत दाखवता येते, आणि ती दुसऱ्यांदा दाखवायला मिळणं हेच तर हवं असतं आपल्याला. विभागाचं उत्तर नीट आलं तर मी तुझ्या जागी असते तर स्टेट युनिव्हर्सिटीला गेले असते. घरच्यांना हे पत्र दाखव हवं तर.

प्रश्न : नमस्कार. माझं वय 43, नोकरी करतो, गेली काही वर्षं कथा लिहितोय, मराठीतच. कॉलेज कधीच मागे पडलं. रजा जेमतेम पंधरा दिवसांची मिळते. या वयात युनिव्हर्सिटीच्या समर प्रोग्रॅमला कोणी घेतं का, आणि इंग्रजी लेखन कच्चं असेल तर जाण्यात अर्थ आहे का?

उत्तर : घेतात की, आणि काही ठिकाणी तर तुमच्यासारख्यांसाठीच सगळं उभं केलेलं आहे. वर ज्या आयोवाचा उल्लेख केला तिथेच समर रायटिंग फेस्टिव्हल असतो, 1987 पासूनचा, मोठ्यांसाठी, डिग्रीची अट नाही, क्रेडिट नाही, आठवड्याची किंवा नुसती वीकेंडची वर्कशॉप्स. तुमच्या रजेत बसेल असं. फक्त एक लक्षात ठेवा, तो फेस्टिव्हल आणि ते 1936 चं रायटर्स वर्कशॉप वेगळं, वर्कशॉप म्हणजे दोन वर्षांची एमएफए डिग्री आणि तिथे प्रवेश मिळणं महाकठीण. परत आल्यावर ओळखीतले लोक दोन्हीची खिचडी करतीलच, तुम्ही स्वतः करू नका.

याहून वरच्या पायरीचं हवं असेल तर अमेरिकेतल्याच व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजची ब्रेड लोफ रायटर्स कॉन्फरन्स, 1926 पासूनची, ऑगस्टमध्ये साधारण दहा दिवस. तिथे नमुना पाठवावा लागतो आणि नमुन्यावरच निवड होते. सायन्स फिक्शन-फँटसी लिहीत असाल तर क्लॅरियन, 1968 पासून चालू आहे, पण ते सहा आठवड्यांचं, तुमची रजा बघता विसरा.

इंग्रजीचं म्हणाल तर सरळच सांगते. वर्कशॉपमध्ये तुमच्या पानावर बाकीचे बोलतात तितकंच तुम्हालाही दुसऱ्यांच्या पानांवर बोलावं लागतं, रोज पंधरा-वीस पानं वाचून यायचं असतं, त्यामुळे लिहिण्यापेक्षा वाचण्याच्या वेगावर जास्त ताण येतो. आणि स्वतःच्या कथेचं घाईघाईत इंग्रजी करून नेलंत तर चर्चा कथेवर होणार नाही, वाक्यांच्या दुरुस्तीवर होईल, आणि सगळा वेळ त्यातच जाईल. हा पैसा वाया जाण्याचा हमखास मार्ग आहे.

मग तुमच्यासाठी मला दुसरीच वाट जास्त आवडते, साहित्याच्या भाषांतराची. इंग्लंडमध्ये नॉरिचला ईस्ट अँग्लिया युनिव्हर्सिटीत ब्रिटिश सेंटर फॉर लिटररी ट्रान्सलेशन आहे, 1989 पासूनचं, त्यांची उन्हाळ्यात एक आठवड्याची समर स्कूल असते आणि त्यात वेगवेगळ्या भाषांतून इंग्रजीत आणणाऱ्यांचे मिश्र गटही असतात. ब्रेड लोफनेही 2015 पासून भाषांतरकारांची वेगळी कॉन्फरन्स सुरू केलीय, जूनमध्ये. अशा ठिकाणी तुमची मूळ भाषा अडचण म्हणून मोजली जात नाही, तीच घेऊन बसायचं असतं, आणि एकेका वाक्यावर तासभर वाद चालतो. स्वतःच्या कथेकडे असं बघायला मिळालं तर परत येऊन मराठीत लिहिताना पण फरक पडतो. यालाही चांगलं इंग्रजी लागतंच, ते मी नाकारत नाही, पण तिथे कच्च्या मसुद्याला कुणी हसत नाही कारण सगळ्यांकडे मसुदेच असतात.

प्रश्न : मला मीडियात जायचंय. लंडनला एका नामांकित ठिकाणी मीडियाचा तीन आठवड्यांचा समर कोर्स आहे, प्रागला इंग्रजीतून डॉक्युमेंटरीचा आहे, बार्सिलोनाला ट्रॅव्हल जर्नलिझम आहे. तिन्ही मीडियाच ना? मग स्वस्त तो घेऊ का?

उत्तर : नाही रे, तिन्ही मीडिया नाहीत, म्हणजे तीन वेगळे मीडिया आहेत. युनिव्हर्सिटीत मीडिया म्हटलं की बऱ्याचदा त्याचा अर्थ समाजशास्त्र असतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची समर स्कूल घे उदाहरणाला, तीन-तीन आठवड्यांची सेशन्स, रोज लेक्चर आणि छोटे वर्ग, आणि शेवटी चक्क परीक्षा. तिथे मीडिया म्हणजे सत्ता, बाजार, प्लॅटफॉर्म, लोकमत. कॅमेऱ्याला हात लावायला मिळेल अशा आशेने गेलास तर तीन आठवडे रीडिंग लिस्ट बघत बसशील. पुढे मास्टर्स करायचंय, संशोधन किंवा पॉलिसीत जायचंय तर असला कोर्स सोन्यासारखा. उलट सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीची सिनेमा स्कूल, 1929 पासूनची, तिच्या समर कोर्सेसमध्ये बाहेरचे विद्यार्थी घेतात आणि तिथे हातात कॅमेरा देऊन शूट करायला लावतात. प्रागचं फामू पण असंच, 1946 चं फिल्म स्कूल, हाताने काम करण्याची परंपरा. पण प्रागमधला प्रत्येक कोर्स फामूचा नसतो हे लक्षात असू दे, वर ऑक्सफर्डबद्दल जे लिहिलं ते इथेही चालतं.

तर कोर्सचं नाव सोड आणि सिलॅबसमध्ये मार्क कशाला आहेत ते बघ. निबंध आणि परीक्षा असेल तर थिअरी. दोन रिपोर्ट, एक ऑडिओ स्टोरी, पाच मिनिटांची फिल्म असं काही असेल तर प्रॅक्टिकल. सिलॅबस पानावर नाही आणि मागूनही देत नाहीत, तर तो कोर्स अजून त्यांनीच ठरवलेला नाही असं समज.

बार्सिलोनाच्या ट्रॅव्हल जर्नलिझमबद्दल माझं मत जरा कडू आहे. ज्या शहराची भाषा येत नाही तिथे थोड्या आठवड्यांत रिपोर्टिंग करायचं म्हणजे मुलाखती कुणाच्या घेणार? इंग्रजी बोलणारे वेटर, हॉस्टेलवरचे टुरिस्ट आणि वर्गातलेच मित्र. असल्या कोर्समधून आलेल्या स्टोऱ्या वाचल्या की सगळ्या एकाच गल्लीत फिरल्यासारख्या वाटतात. तुला स्पॅनिश किंवा कॅटलान येत असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर रिपोर्टिंगसाठी जिथली भाषा कळते असा देश निवड, फिल्म-फोटोसाठी मात्र कुठेही जा, तिथे दुभाष्या घेऊन काम होतं. कलासमीक्षा, रिव्ह्यू वगैरे लिहिण्यात रस असेल तर एडिंबरा बघ, तिथली स्कॉटिश युनिव्हर्सिटीजची इंटरनॅशनल समर स्कूल 1947 ची आहे, एडिंबरा फेस्टिव्हल पण त्याच वर्षीचा, साहित्य, क्रिएटिव्ह रायटिंग, नाटक असे कोर्स असतात आणि ऑगस्ट आला की शहरात नाटकं, कॉमेडी, पुस्तकांचे कार्यक्रम यांचा नुसता पूर येतो. रोज एक बघायचं आणि रात्री लिहायचं. राहायची जागा मात्र कोर्सकडूनच घे, ऑगस्टमध्ये बाहेर शोधायला गेलास तर भाडं ऐकून परत फिरशील.

आणि तुला लिहायचं किंवा शूट करायचं नसून पुस्तकं-मासिकं काढणाऱ्या लोकांत नोकरी हवी असेल तर तो अजून चौथाच प्रकार, पब्लिशिंग कोर्स. कोलंबिया पब्लिशिंग कोर्स हे त्यातलं जुनं नाव, 1947 मध्ये रॅडक्लिफला सुरू झाला, नंतर न्यूयॉर्कला कोलंबियात आला, सहा आठवडे. तिथे कथा कुणी वाचत नाही, पुस्तक विकत घेणारे, संपादन करणारे, विकणारे येऊन आपलं काम कसं चालतं ते सांगतात. ओळखी होतात हे खरं, पण त्या ओळखीवर तिथेच नोकरीला लागू असं डोक्यात असेल तर खालचं व्हिसाचं उत्तर वाच.

प्रश्न : टुरिस्ट व्हिसावर जाऊन कोर्स केला तर चालतो का? एजंट म्हणतो चालतो.

उत्तर : देशावर आणि कोर्सवर आहे, एजंटवर नाही. अमेरिकेत डिग्रीला जोडता येईल असं क्रेडिट घ्यायचं असेल किंवा आठवड्याला 18 तास किंवा त्याहून जास्त वर्ग असतील तर एफ-1 स्टुडंट व्हिसा लागतो, त्यासाठी युनिव्हर्सिटीकडून आय-20 फॉर्म, म्हणजे प्रवेश दिल्याचा कागद, घ्यायचा आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची 350 डॉलरची सेव्हिस फी वेगळी भरायची. छोटा, छंदाचा, क्रेडिट नसलेला कोर्स, आणि मुख्य हेतू फिरणं, असं असेल तर व्हिजिटर व्हिसावर चालू शकतं. मधल्यामध्ये असलेल्या कोर्सबद्दल युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचारा आणि ते उत्तर जपून ठेवा. ब्रिटनमध्ये स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंत शिकता येतं, म्हणजे समर स्कूलला तो पुरतो, पण ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द बघा, खासगी कंपनीच्या कोर्सला इथे अडू शकतं. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, शॉर्ट स्टे व्हिसावर कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस, कमीत कमी 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी झालाच पाहिजे.

नोकरीचं स्वप्न असणाऱ्यांना, एफ-1 वर शिकून झाल्यावर काम करायची जी परवानगी मिळते तिच्यासाठी किमान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष शिकलेलं असावं लागतं. सहा आठवड्यांच्या समरवर ती मिळत नाही. कुणी मिळते म्हणून सांगत असेल तर त्याला नियम दाखवायला सांगा.

प्रश्न : माझी मुलगी 16 वर्षांची आहे, छान लिहिते. मोठ्या युनिव्हर्सिटीचा उन्हाळी लेखनाचा कोर्स केला तर पुढे तिथेच ॲडमिशन सोपी होते का?

उत्तर : नाही. कोर्स युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर झाला म्हणून ॲडमिशन ऑफिस त्याला ओळखीचा शिक्का मानत नाही, आणि फी भरून कुणालाही मिळणाऱ्या कोर्सला तर मुळीच नाही. मुलीला लिहायला आवडतं म्हणून पाठवायचं असेल तर निवड करून घेणारे बघा. आयोवाचा यंग रायटर्स स्टुडिओ शाळकरी वयाच्या लेखकांसाठीच आहे, पत्रकारितेत रस असेल तर नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या मेडिल स्कूलचा उन्हाळी कार्यक्रम. दोन्हीकडे आधी लिहिलेलं दाखवावं लागतं. आणि अर्ज तिलाच लिहू द्या हो, पालकांनी घासूनपुसून दिलेला निबंध वाचणाऱ्याला लगेच कळतो.

प्रश्न : ताई, क्रेडिट ट्रान्सफर होईल असं कोर्सवाले म्हणतात. नक्की होतं का? आणि स्कॉलरशिप मिळते का? फी भरल्यावर व्हिसा नाही मिळाला तर?

उत्तर : तीन प्रश्न आहेत, शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा आहे पण क्रमाने घेते. क्रेडिट देणारे ते असतात, पण घ्यायचं की नाही हे तुझं स्वतःचं कॉलेज ठरवतं, त्यामुळे ‘ट्रान्सफर होतं’ हे त्यांनी म्हणून काही उपयोग नाही. जायच्या आधी सिलॅबस, तास आणि मूल्यमापन कसं होणार ते सगळं घेऊन आपल्या विभागप्रमुखांकडे जा आणि लेखी होकार घे, परत आल्यावर विचारलंस तर बहुतेक नाहीच म्हणतील. युरोपात ईसीटीएस नावाची क्रेडिट्स असतात, एक ईसीटीएस म्हणजे साधारण 25 ते 30 तासांचं काम आणि पूर्ण वर्षाचे 60, म्हणजे दोन आठवड्यांत 10 ईसीटीएस देतो म्हणणारा कोर्स दिसला तर गणित मांडून बघ, झोपायला वेळ उरत नाही.

स्कॉलरशिप आहेत, पण जिथे नमुन्यावर निवड होते तिथे जास्त. ब्रेड लोफसारख्या ठिकाणी फेलो, स्कॉलर अशा मदतीच्या जागा असतात, त्यांना फार मोठी स्पर्धा असते तरी अर्ज करावा. ‘अर्ली बर्ड’, म्हणजे लवकर पैसे भरणाऱ्यांच्या, सवलतीला स्कॉलरशिप म्हणणारे पण भेटतील, ती फक्त सवलत आहे. फीमध्ये काय नाही ते विचार, वीकेंडचं जेवण, इन्शुरन्स, विमानतळावरून यायचा खर्च, आणि कोर्स संपल्यावर खोली किती वाजता सोडायची, कारण विमान रात्रीचं असेल तर एक दिवस अजून हॉटेल.

आता फी. रिफंडचं पान उघड आणि दोन तारखा शेजारी शेजारी लिही, पूर्ण पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख आणि तुझी व्हिसाची अपॉइंटमेंट. अपॉइंटमेंट नंतरची असेल तर त्यांना मेल कर की व्हिसा नाकारला गेला तर नकाराचं पत्र दाखवून किती पैसे परत मिळतील. युनिव्हर्सिट्यांकडे याचा वेगळा नियम बहुतेक असतोच, थोडं डिपॉझिट कापून बाकीचं देतात. उत्तर गोलगोल आलं किंवा ‘असं सहसा होत नाही’ एवढंच लिहून आलं तर पैसे भरू नकोस, दुसरा कोर्स बघ. आणि विमानाचं तिकीट व्हिसा हातात पडल्याशिवाय काढू नकोस, व्हिसावाल्यांनी बुकिंगचा कागद मागितला तर रद्द करता येईल असं रिझर्वेशन दे.